चाकाखालच्या मातीचा हिशेब

रॅलीच्या शर्यतींतून घडलेल्या, टर्बोचार्जर बसवलेल्या आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारींविषयी एक आक्षेप आता बराच रुळला आहे. या गाड्यांत वर्षानुवर्षे ज्यांना अभियांत्रिकी सुधारणा म्हटले गेले त्या मुळात अश्वशक्ती वाढवण्याच्या खटपटी होत्या, हे त्या आक्षेपाचे पहिले कलम. या सुधारणा फिनलंडच्या बर्फासाठी आणि माँटे कार्लोच्या घाटांसाठी जन्मल्या, त्यामुळे शिरूर-दौंडसारख्या ऊस, ज्वारी आणि एमआयडीसीच्या मुलखाशी त्यांचे नाते जुळत नाही, हे दुसरे. आणि रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना या परंपरेशी जोडणे ही निव्वळ जाहिरातदारांची हातचलाखी आहे, हे तिसरे. यांपैकी तिसऱ्या कलमात सत्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. दुसरे कलम दौंडच्या एखाद्या उसाच्या फडातच निकालात निघते. पहिले मात्र साफ चुकीचे आहे, आणि उरलेली दोन्ही त्याच्यावरच उभी असल्याने प्रतिवादाची सुरुवात तिथूनच करणे भाग आहे.

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन पंखाचाके. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चाक फिरते आणि त्याच्याबरोबर फिरणारे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक हवा आणि म्हणून अधिक इंधन जाळता येते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. म्हणजे शक्ती वाढवण्याची युक्ती रॅलीच्या अभियंत्यांना आयती मिळालेली होती, आणि त्यांच्यापुढचे कोडे होते ते ही शक्ती मातीपर्यंत पोचवायची कशी, याचे. टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो आणि त्या तळहाताची पकड मर्यादित असते. ती गाडी पुढे ढकलण्यात खर्ची पडली तर गाडी वळवण्यासाठी कमी उरते. ढकलण्याचा भार दोन चाकांऐवजी चार चाकांवर वाटला, की प्रत्येक चाकाकडे वळणासाठी काही पकड शिल्लक राहते. चारही चाकांच्या जोराचे सारे तत्त्व या वाटणीत आहे, आणि या वाटणीत अश्वशक्तीचा एकही आकडा वाढत नाही.

ऑडी क्वाट्रोच्या जन्माचा इतिहासही हेच सांगतो. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या चालू असताना फोक्सवॅगनची इल्टिस ही लष्करी वापराची गाडी, इंजिन अवघे ७५ अश्वशक्तीचे असूनही, बर्फावर तिच्याहून कितीतरी ताकदवान पण फक्त पुढच्या चाकांना जोर असलेल्या ऑडी मोटारींना भारी पडली. यॉर्ग बेन्सिंगर यांनी या निरीक्षणावरून चारही चाकांना जोर देणाऱ्या प्रवासी मोटारीचा आग्रह धरला आणि फर्डिनांड पीएख यांनी तो उचलून धरला. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या क्वाट्रोत टर्बो तर होताच, पण तिच्यातील खरी नवलाई गिअरबॉक्समधील एका पोकळ दांड्यात होती: त्या दांड्यातून जोर मागे, पुढच्या आणि मागच्या धुरांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या मधल्या डिफरन्शियलकडे जाई आणि त्या पोकळ दांड्याच्या पोटातून जाणाऱ्या दुसऱ्या दांड्याने पुढच्या चाकांकडे परत येई. त्यामुळे जीपसारख्या गाड्यांत लागणारी जोरवाटपाची वेगळी अवजड पेटी टळली. ज्या गाडीने पुढच्याच वर्षी मिशेल मुतों यांना जागतिक रॅली अजिंक्यपद मालिकेतील फेरी जिंकणारी पहिली स्त्री केले, त्या गाडीची कथा ७५ अश्वशक्तीच्या विजयापासून सुरू होते, ही गोष्ट आक्षेपकांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

यावर आक्षेपक ग्रुप बी या वर्गाकडे बोट दाखवतील, आणि ते रास्तही आहे. नियमांची बंधने सैल असलेल्या या वर्गात १९८० च्या दशकाच्या मध्याला गाड्यांची शक्ती ५०० अश्वशक्तीच्या आसपास पोचली होती, आणि त्या काळात सुधारणा म्हणजे शक्ती हेच समीकरण रूढ झाले होते. परंतु त्या समीकरणाचा शेवटही तिथेच झाला. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत गाडी प्रेक्षकांत घुसून माणसे मेली, मे महिन्यात कॉर्सिका बेटावर हेन्री टॉयव्होनन आणि सर्जिओ क्रेस्टो यांचा गाडीसह जळून मृत्यू झाला, आणि वर्षअखेर हा वर्ग बंद करण्यात आला. त्याच्या जागी आलेल्या ग्रुप ए वर्गाची अट अशी होती की, जी गाडी शर्यतीत उतरवायची तिच्या पाच हजार प्रती बारा महिन्यांत तयार झाल्या पाहिजेत. आज ज्यांना रॅलीतून घडलेल्या गाड्या म्हणतात त्या बहुतांशी या अटीच्या लेकी आहेत. शर्यतीसाठी केलेली दुरुस्ती सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत आधी घालावी लागे, आणि ती त्याच्या रोजच्या वापरात टिकावी लागे.

या अटीखाली लान्चिया डेल्टा या इटालियन गाडीने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे निर्मात्यांचे जागतिक अजिंक्यपद राखले. विक्रीच्या गाडीची शक्ती या मालिकेत १६५ अश्वशक्तीवरून १८५, २००, २१० आणि अखेर २१५ पर्यंत गेली; वाढ आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण आवृत्ती बदलताना आणखी काय काय बदलले याची यादी अधिक बोलकी आहे. रुंद टायर मावावेत म्हणून चाकांवरचे पत्रे फुगवले गेले, ब्रेक मोठे झाले, गार हवेसाठी बंपर आणि बॉनेटला झरोके पडले, आणि १९८९ च्या सोळा व्हॉल्व्हच्या आवृत्तीत पुढच्या-मागच्या चाकांतील जोराची वाटणी ५६:४४ होती ती ४७:५३ करण्यात आली. हा शेवटचा बदल शक्तीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. पुढच्या चाकांवर जास्त जोर पडला की गाडी वळणात सरळ पळू पाहते. तो जोर मागे सरकवल्याने पुढची चाके वळवण्याच्या कामाला मोकळी झाली.

सर्वांत निर्णायक पुरावा जपानचा आहे. तिथल्या कारखानदारांनी आपसांत ठरवून १९८९ ते २००४ या काळात देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांची घोषित शक्ती २८० अश्वशक्तीच्या वर नेली नाही. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या चौथ्या आवृत्तीने १९९६ मध्येच ही मर्यादा गाठली, आणि त्यानंतर जवळपास दशकभर कागदावरचा आकडा जागचा हलला नाही. सुधारणा म्हणजे अश्वशक्ती हे सूत्र खरे असते, तर या काळात सुधारणा थांबायला हवी होती. घडले उलटेच. १९९६ मध्ये मागच्या दोन चाकांतील जोर गरजेप्रमाणे डावी-उजवीकडे सरकवणारी यंत्रणा आली. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीत इंजिन आणि तेल थंड ठेवण्याची व्यवस्था सुधारली. २००१ च्या सातव्या आवृत्तीत संगणकाच्या ताब्यातील मधले डिफरन्शियल आले. पुढे छपराचा पत्रा ॲल्युमिनियमचा करून गाडीच्या माथ्यावरचे वजन उतरवले गेले. शक्तीचा रकाना गोठल्यामुळे अभियंत्यांना उरलेल्या साऱ्या रकान्यांत काम करावे लागले, आणि गाड्यांचा खरा कस तिथेच लागला.

आता दुसरे कलम. ही सारी उठाठेव बर्फाळ देशांची आहे, भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या लोकांना तिच्याशी काय देणेघेणे, असे विचारणाऱ्याने गळीत हंगामात दौंड तालुक्यातील एखाद्या उसाच्या फडाकडे पाहावे. पाणी दिलेल्या काळ्या रानातून ऊस भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचे एक मागचे चाक रुतते आणि जागच्या जागी गरगरू लागते, तर कोरड्यावरचे दुसरे चाक ढिम्म उभे राहते. याचे कारण डिफरन्शियल हे आहे. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चक्रांची जुळणी असते. परंतु तिचा स्वभावच असा की, ज्या चाकाला विरोध कमी त्याच चाकाकडे ती सारे फिरणे वळवते. अशा वेळी चालक पायाजवळचे डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतो, दोन्ही चाके एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॅक्टर चिखलातून वर येतो. मात्र बांधाशी वळण्याआधी तो पेडलवरचा पाय न चुकता काढतो, कारण जखडलेल्या चाकांनी ट्रॅक्टर वळत नाही, सरळच रेटत राहतो, आणि जबरदस्ती केली तर दाते तुटतात.

पाय दाबणे आणि पाय काढणे, या दोन हालचालींच्या मधल्या जागेतच रॅलीच्या गाड्यांच्या सुधारणेचा मोठा भाग घडला आहे. १९८० च्या क्वाट्रोत मधले आणि मागचे डिफरन्शियल चालकाला हाताने जखडावे लागे. तिची अडचण ट्रॅक्टरच्या चालकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. डेल्टामध्ये मधल्या डिफरन्शियलला चिकट द्रवाची जोडणी दिलेली होती: दाट सिलिकोन द्रवात बुडालेल्या पातळ चकत्यांच्या दोन संचांच्या गतीत फरक पडला, की द्रवाच्या विरोधामुळे ते आपोआप एकमेकांना ओढू लागतात. हे काम आपसूक होते, पण चाक घसरल्यानंतर, किंचित उशिराने. क्वाट्रोने १९८७ मध्ये स्वीकारलेल्या टॉर्सन डिफरन्शियलमध्ये मळसूत्री दात्यांच्या घर्षणाने जोर पकड असलेल्या बाजूला तत्काळ वळतो, मात्र एका बाजूची पकड पूर्ण सुटली तर त्याचाही इलाज चालत नाही. शेवटी २००१ च्या लान्सरमध्ये संगणक स्टिअरिंगचा कोन, ॲक्सिलरेटर, चाकांची गती आणि गाडीचा कल वाचून तेलाच्या दाबाने मधले डिफरन्शियल हवे तेवढे आवळू किंवा सैल करू लागला, आणि डांबर, खडी व बर्फ यांसाठी निरनिराळी मात्रा निवडण्याची सोय चालकाला मिळाली. बांध जवळ आला की पाय काढायचा, हे दौंडच्या चालकाचे शहाणपण यंत्रात उतरवायला जगातल्या नामांकित अभियंत्यांना २१ वर्षे लागली.

टर्बोच्या बाबतीतही हा भाग अनभिज्ञ नाही. पुणे-दौंड मार्गावर विजेची इंजिने येण्यापूर्वी दौंड जंक्शनवरून अल्को जातीच्या, २६०० अश्वशक्तीच्या टर्बो डिझेल इंजिनांच्या गाड्या सुटत, तेव्हा चालकाने जोर वाढवताच इंजिनाच्या माथ्यावरून काळ्या धुराचा लोट उठे आणि गाडीने वेग घेतला की तो विरळ होई. इंधन क्षणात वाढते, पण टर्बोच्या पंखाचाकाला गती पकडायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा अपुरी पडून न जळलेले इंधन काजळी होऊन बाहेर येते. टर्बोची ही दिरंगाई आगगाडीला परवडते, वळणाच्या तोंडावर आलेल्या मोटारीला परवडत नाही. म्हणून लान्सरच्या चौथ्या आवृत्तीपासून टर्बोला दोन वेगळ्या वाटा देण्यात आल्या. चार सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. पहिल्या व चौथ्याचा वायू एका वाटेने आणि दुसऱ्या व तिसऱ्याचा दुसऱ्या वाटेने नेला, की एकाचा झोत दुसऱ्याच्या झोताला अडवत नाही आणि पंखाचाक लवकर जागे होते. या युक्तीचा फायदा कमाल शक्तीपेक्षा ती शक्ती वेळेवर मिळण्यात अधिक आहे.

उन्हाळ्याचा विचार केला तर हा मुलूख फिनलंडपेक्षा अवघड परीक्षक ठरतो. हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान असताना हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाने कोंबली, तर निव्वळ गणिताने ती १०८ अंशांवर जाते, आणि दाबयंत्रातील तोटा धरला तर १३० अंशांच्या आसपास. इतकी गरम हवा विरळ असते आणि तिच्यामुळे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनाला ठोके बसतात. इंटरकूलर म्हणजे या दाबलेल्या हवेचा रेडिएटर; त्याने ती हवा ६० अंशांपर्यंत उतरवली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे एक पंचमांश अधिक हवा मावते. लान्सर आणि सुबारू इम्प्रेझाच्या काही आवृत्त्यांत या इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारण्याची सोय होती. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते तोच न्याय इथे कामाला लावलेला आहे. मे महिन्यात पाटस ते शिरूर हे अंतर कापणाऱ्या कोणत्याही टर्बो गाडीचे इंजिन शाबूत राहते ते या थंडाव्याच्या व्यवस्थेमुळे, आणि ती जिथे कसोटीला लागून पक्की झाली त्या शर्यतीच्या शाळांपैकी रॅली ही एक आहे.

उरले तिसरे कलम. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावच्या महागणपतीपासून जवळच औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतला मोटारींचा कारखाना आहे. फियाटने लान्चिया १९६९ मध्ये आणि शर्यतीच्या गाड्या घडवणारी अबार्थ ही कंपनी १९७१ मध्ये ताब्यात घेतली. फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० मध्ये निर्मात्यांचे अजिंक्यपद जिंकले आणि डेल्टाच्या यशामागेही हेच घराणे होते. या वारशाचे नाव लावून २०१५ मध्ये रांजणगावातून अबार्थ पुंटो बाहेर पडली: १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, अबार्थचा विंचवाचा बिल्ला, आणि जोर फक्त पुढच्या दोन चाकांना. आक्षेपकांचा मुद्दा इथे मान्य करावा लागतो. चपळ आणि दणकट गाडी म्हणून तिचे मोल असेल, परंतु डेल्टाने सहा वर्षांत जे कमावले ते बिल्ल्याबरोबर आपोआप येत नाही.

पण म्हणून रांजणगावात त्या परंपरेचे काहीच नाही, हा निष्कर्षही घाईचा आहे, कारण तिचा माग बिल्ल्यावरून काढायचा नसतो, गाडीखाली वाकून काढायचा असतो. २०१७ पासून तिथे तयार होऊ लागलेल्या आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांना निर्यातही झालेल्या जीप कंपासच्या चारचाकी जोराच्या आवृत्तीत इंजिन आडवे बसवलेले आहे, गिअरबॉक्सपाशी जोर काढून घेऊन लांब दांड्याने तो मागे नेला आहे, आणि वाळू, बर्फ, चिखल यांसाठी निवडीची कळ दिली आहे. आडवे इंजिन आणि तिथून मागे नेलेला जोर ही डेल्टाची मांडणी, आणि जमीन पाहून वाटणीची मात्रा बदलणे ही २००१ च्या लान्सरची रीत. फरकही सांगितला पाहिजे: डेल्टाची चारही चाके कायम जोरावर असत, तर कंपासमध्ये गरज नसताना मागच्या चाकांची जोडणी सुटते, कारण तिचे उद्दिष्ट इंधन वाचवणे हेही आहे. एकीपासून दुसरी जन्मली असा दावा करण्याचे कारण नाही. दोघींनी सोडवलेले गणित एकच आहे, एवढे पुरेसे आहे.

रांजणगावचे दोन लिटरचे टर्बो डिझेल इंजिन पहिल्या कलमाविरुद्ध आणखी एक साक्ष देते. हेच इंजिन कंपासमध्ये १७३ अश्वशक्तीचे होते आणि २०१९ मध्ये टाटा हॅरियरमध्ये आले तेव्हा १४० अश्वशक्तीचे. टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, दोन्हीकडे ३५० न्यूटन मीटरच होता. तेच इंजिन नव्या जुळवणीने ३३ अश्वशक्तीने खाली-वर होऊ शकते, याचा अर्थ अश्वशक्ती हा गाडीतला सर्वांत स्वस्तात बदलणारा आकडा आहे. या ठिकाणी एक गोष्ट आक्षेपकांच्या विरोधकांनाही सांगायला हवी. गॅरेजमध्ये इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलून, ज्याला रीमॅप म्हणतात ते करून, चाळीस-पन्नास अश्वशक्ती वाढवून घेणारा शौकीन आणि या गाड्यांना अश्वशक्तीचा तमाशा म्हणून झिडकारणारा टीकाकार यांचे भांडण वरवरचे आहे. सुधारणेची व्याख्या दोघांचीही एकच आहे आणि दोघांचीही चुकलेली आहे. ब्रेक, थंडावा, टायर आणि जोराची वाटणी आहे तशीच ठेवून शक्ती वाढवणे म्हणजे १९८६ ची चूक छोट्या प्रमाणावर पुन्हा करणे होय.

चारचाकी जोराच्या मर्यादा मान्य केल्याने हा प्रतिवाद दुबळा होत नाही. जादा डिफरन्शियल, जादा दांडे म्हणजे जादा वजन, जादा इंधन आणि जादा किंमत. शिवाय चारही चाकांचा जोर गाडीला पळायला मदत करतो, थांबायला करत नाही. ब्रेक दाबल्यावर दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या जोराच्या गाडीत फरक उरत नाही, आणि शिरूरजवळच्या गर्दीच्या महामार्गावर ही बाब विसरणाऱ्याला तंत्रज्ञान वाचवत नाही. कोरड्या डांबरावर शांतपणे ये-जा करणाऱ्या कुटुंबाला अशा गाडीची गरज नाही, हेही खरे. गरज नाही आणि संबंध नाही ही मात्र दोन वेगळी विधाने आहेत, आणि आक्षेप त्यांची गल्लत करतो.

विजेच्या मोटारींनी हा सारा खटाटोप कालबाह्य केला, असा नवा सूरही आता ऐकू येतो. २०२५ मध्ये टाटा मोटर्सने आणलेल्या हॅरियरच्या विजेवरील आवृत्तीत पुढे एक आणि मागे एक मोटर देऊन चारही चाकांना जोर दिलेला पर्याय आहे. टर्बो नाही, मधला दांडा नाही, मधले डिफरन्शियल नाही. तरीही कोणत्या धुरेला किती जोर द्यायचा आणि वळणात तो कधी आवरायचा, हा निर्णय करावाच लागतो, फक्त तो दात्यांऐवजी आज्ञावलीत लिहिला जातो. अश्वशक्ती हीच सुधारणा असती तर या बदलाने जुने ज्ञान मोडीत निघाले असते. वाटणी ही सुधारणा होती, म्हणून यंत्रे बदलली तरी ज्ञान पुढे चालत आले.

तेव्हा या गाड्यांवर टीका करणाऱ्याने त्यांच्या किमतीवर करावी, वजनावर करावी, बिल्ल्याच्या जोरावर होणाऱ्या विक्रीवरही करावी. पण त्यांच्या सुधारणा म्हणजे अश्वशक्तीची आतषबाजी आणि त्या परक्या मातीच्या, असे म्हणण्यापूर्वी त्याने ओल्या रानात भरल्या ट्रॉलीपुढे बसलेल्या चालकाचा पाय पाहावा: चाक गरगरू लागताच पेडल दाबणारा, आणि बांध दिसताच ते सोडणारा.